हत्तीमामाची घसरगुंडी

सव्वाशे किलोंचा माणूस लहान मुलांच्या घसरगुंडीवरून ‘हुईई’ करत खाली येताना तुम्ही पाहिला नसेल, तर तुमचं बरंच काही राहून गेलं. मी हे दृश्य रोज सकाळी साडेनऊला, तिकीट खिडकीत बसून, अकरा वर्षं पाहिलं. मुलं त्यांना हत्तीमामा म्हणत. आम्ही मिस्त्री म्हणायचो.

मिस्त्री डोंगरकडा गावचे, वेल्डिंगवाले. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर आमचं वॉटर पार्क झालं, तेव्हा ते फाटक बसवायला आले होते. पार्कात उंचीची रेघ होती. रेघेखालच्या चिल्ल्यापिल्ल्यांना पाण्यात मनाई, म्हणून ती माझ्या खिडकीपाशी उभी राहून भोकाड पसरत. मालक वैतागून म्हणाले, “मिस्त्री, दोन झोके टाका इथं.” मिस्त्रींनी झोके टाकले, मग ट्रॅक्टरच्या जुन्या सीटांचा गोल पाळणा केला, मग घसरगुंडी. फाटकाचं काम मात्र पुढे दोन महिने रेंगाळलं.

मग ते पार्कातच कामाला राहिले. रोज फाटक उघडण्याआधी प्रत्येक खेळण्यावर ते स्वतः तीनदा बसत. मी एकदा विचारलं, काहून एवढी तकलीफ? म्हणाले, “बाई, मोडलं तं माझ्या बुडाखाली मोडू द्या. मला चरबीची गादी हाय. लेकराच्या अंगावर काय हाय?” एका सकाळी पाळण्याची सीट खरोखरच तुटली आणि मिस्त्री धुळीत उताणे. बाहेर थांबलेल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनी उठून सगळ्यांना नमस्कार केला आणि सीट पुन्हा जोडायला घेतली. त्यानंतर पार जवळा बाजार गावाहून आलेली माणसंसुद्धा मला विचारायची, “हत्ती किती वाजता पडतो?”

घसरगुंडीची जागा ठरवायला ते मे महिन्यातला एक अख्खा दिवस लिंबाखाली बसले आणि सावली सरकेल तशी चुन्याने रेघ ओढत गेले. पत्रा दिवसभर थंड राहिला पाहिजे, हा हट्ट. त्यात घसरगुंडीची पाठ रस्त्याकडे आली. मालक चिडले. मिस्त्री म्हणाले, “रस्त्यानं जाणाऱ्याला थोडंच बसायचंय, मालक?”

मग मिस्त्रींना साखरेनं धरलं. ऑपरेशन झालं, माणूस निम्मा झाला, घरीच बसला. इकडे मालकांनी पुण्याहून रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचं पुस्तक मागवलं आणि जुनं सगळं भंगारात द्यायचं ठरवलं. मला राहवेना. मी मिस्त्रींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “पाडून राहिले, व्हय?”

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या ऑटोतून ते हजर झाले. दम खात पायऱ्या चढले, घसरत खाली आले आणि पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, “जरा बी लवला न्हाई. मी हलका झालो. आता माझं बसणं कामाचं न्हाई. मालक, तुमी चढा.”

“मी? काहून?”

“पाडायचं तं पाडा. पन खोट कुठं हाय, ते बसून सांगा.”

मालक कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत चढले. वर बराच वेळ दांडा धरून बसले. मग असे किंचाळत आले, की एक चप्पल वरच राहिली. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. मालकांनी मागची धूळ झटकली आणि चप्पल आणायला म्हणून परत चढले. चप्पल हातात घेऊन पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा चढताना म्हणाले, “तीनदा तपासायला लागतं ना?” ते पुस्तक पुन्हा कोणी उघडलं नाही.

ऑटोत बसता बसता मिस्त्री मला म्हणाले, “बाई, एवढ्या वर्षांत तुमी एकदा बी बसल्या न्हाई.” मी हसून टाळलं. साडी, वय, तिकिटं, कारणं काय कमी असतात? त्याच हिवाळ्यात मिस्त्री गेले.

एप्रिलमध्ये पार्क पुन्हा उघडलं, त्या सकाळी आधी मालक घसरले, मग त्यांचा ड्रायव्हर. मग मी पदर खोचला आणि चढले. वरून पलीकडच्या शेतात वाळत घातलेली हळद दिसली, फाटकाशी ताटकळलेली मुलं दिसली. बावन्न वर्षांची बाई मी, अशी ओरडत खाली आले की मुलांनी टाळ्याच पिटल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. मिस्त्रींनी हे बघायला हवं होतं. मालक फाटक उघडायला निघाले, तर मी म्हटलं, थांबा, माझ्या अजून दोन फेऱ्या राहिल्यात.