मल्लूअण्णांचा बेस

मल्लूअण्णा नवं गाणं आधी हातानं ऐकतात. स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि तोंडानं ‘डुम् डुगुडुम्’ सुरू. बेस तोंडानं म्हणता आल्याशिवाय गिटारला हात लावायचा नाही. "आदी तोंडात, मग बोटात," हे त्यांचं ठरलेलं. आमच्या ऑर्केस्ट्रात मी गाते, ते बेस गिटार वाजवतात. राहायला भवानी पेठेत. घरात कानडी, बाहेर मराठी. मला ‘तंगी’ म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. "जमत नाही" मात्र त्यांना दोन्ही भाषांत म्हणता येत नाही.

टेंभुर्णीच्या एका हळदीसाठी नवं गाणं बसवायचं होतं. सुरुवातच एकट्या बेसची, आणि तीही सुसाट. कीबोर्डवाल्यानं सगळ्यांआधी अण्णांना मोबाइलवर गाणं पाठवलं. अण्णा आठवडाभर त्याच्यामागे. बोटांना फोड आले.

"लई पळतंय गं हे. पण धरतो की. न्हाय धरलं तर गिटार खुंटीला!"

मी म्हटलं, थोडं हळू वाजवा, कोण बघतंय? तर भडकलेच. "रेकॉर्डिंगमदी हाय तसंच वाजणार!" एकत्र तालमीला सवड कुणाला होती! मी माझं घरी पाठ केलं, बाकीच्यांनी आपापलं, आणि सगळे गाडीत बसलो.

हळदीत अण्णांनी अशी सुरुवात केली की ढोलकीवाला बघतच राहिला. एक सूर इकडचा तिकडे नाही. पण लय दामटलेली, पट्टी भलतीच वर. मला शिरायला जागाच सापडेना. घाबरले आणि माइकवर बोलून गेले, "अण्णा, गाडी चुकतेय का हो?" सगळा मांडव खो-खो हसला. अण्णांनी तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला.

मागाहून कळलं, रीलसाठी कुणीतरी वेग वाढवलेलं गाणं अण्णांकडे गेलं होतं, आम्हा बाकीच्यांकडे मूळचं. कीबोर्डवाल्याला ते एका शब्दानं बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, "मोबाइलमदल्या त्या गाणारीचा आवाज चिमणीसारखा झालता. पोरालाबी कळलं असतं. मी गाणाऱ्याचं कदी ऐकतच न्हाय की गं. लाज वाटती." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या कार्यक्रमांना अण्णा आलेच नाहीत. शेवटी मी घरी गेले. गिटार खरंच खुंटीला टांगलेली. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ते राहू दे. गा की. नुसतंच, बेसबिगर."

वर्षानुवर्षं आम्ही कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतो ते गाणं मी म्हटलं. या वेळी तळवा टेकवायला खोकं नव्हतं. अण्णा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"अय्यो! दुसऱ्या ओळीनंतर तू श्वास घेतीस, आन् तितंच मी जास्तीचे ठोके कोंबत आलो. तुझा दम तोडत आलो. कदी सांगितलं न्हाईस?"

काय सांगणार? मला वाटायचं, माझाच दम कमी. त्यांच्या बेसकडे मी तरी कुठं कधी कान दिला होता!

अण्णा परत आले. त्या ओळीनंतर आता त्यांची बोटं थांबतात, मान खाली जाते आणि ते माझी वाट बघतात. हवा तेवढा श्वास घ्यावा, इतकी मोकळी जागा. ती खाली गेलेली मान मला दिसते, आणि माझा दम आता नेमका तिथेच तुटतो.