नुसतं धरायचं होतं

लेकरू हातात घेण्याआधी मावशी आपले तळवे शेगडीवर शेकायची आणि स्वतःच्या गालाला लावून पाहायची. मग त्याला मांडीवर पालथं घालून म्हणायची, "काहून रडून राहिला रे राजा? सांग, कुठं अडलं?" आणि दोन्ही अंगठे मणक्यावरून हळूहळू खाली न्यायची.

आमच्या घमापूर मोहल्ल्यात संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडणारी तान्ही लेकरं तिच्याकडेच यायची. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण हिचा तोरा निराळा. कोणी सासू म्हणाली, "हिंग लावला, काही फरक नाही," की ही म्हणे, "मग हिंग वरणात घाल, अन् लेकरू इकडे दे."

दवाखान्यात नवी गोरी डॉक्टरीण आली. तिला मावशीच्या हाताची परीक्षा घ्यायची होती. अर्ध्या लेकरांचा मणका दाबायचा, अर्ध्यांना तेवढाच वेळ नुसतं धरायचं. आयांना कळू नये म्हणून मध्ये पडदा. गुण दिसला तर डॉक्टरीणबाई मावशीला दवाखान्यातच कामावर ठेवणार होत्या. मी चौथी शिकलेली, म्हणून कोणाला दाबायचं, कोणाला धरायचं ते सांगून लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मावशी, याला नुसतं धरायचं."

"हो बाई, धरलंच आहे." अंगठे मात्र खाली सरकत होते.

"मावशी, डॉक्टरीणबाई रागावतील."

"लेकरू कळवळून राहिलं अन् मी दगडावानी बसू? चलो, तू लिही, धरलं म्हणून."

मी लिहिलं. रोज लिहिलं.

शेवटी आयांना विचारलं, तर दोन्हीकडची लेकरं सारखीच शांत झालेली. डॉक्टरीणबाई माझा कागद पाहून म्हणाल्या, "कोई फर्क नहीं. बच्चे अपने आप ठीक होते हैं. तुम्हारे हाथ में कुछ नहीं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. हिने सगळ्यांनाच दाबलं, एवढंच मला सांगायचं होतं. पण चारचौघांत माझं तोंड उघडत नसे, आणि खोटं माझ्याच अक्षरात होतं. मी पदराचं टोक पिळत राहिले. तिनेही माझं नाव घेतलं नाही. "अच्छा जी," म्हणाली आणि उठली.

मोहल्ल्यातल्या बायका तिच्याकडे लेकरं आणेनाशा झाल्या. तिच्या हाताला खरंच गुण होता का, मला आजही ठाऊक नाही. ते कळायची वाट मीच बुजवली.

ती लेकीच्या गावी निघाली त्या सकाळी मी दारात होते. माझी तान्ही मुलगी खांद्यावर कळवळून रडत होती. मावशी थांबली. तिचे दोन्ही हात वर आले, तसेच थांबले, आणि तिने ते पदराखाली घेतले.

"डॉक्टरीणबाईला दाखव हो," ती म्हणाली, आणि टांग्यात चढली.