मेलबर्न, साडेबारा तास

पोरीच्या बाळंतपणाला मेलबर्नला जायचं ठरलं होतं ते माझ्या बायकोचं. मी नुसता सोबतीला. ती रोज विचारायची, "किती लांब हाय वो ते?" मी म्हणायचो, "तुला काय चालत जायचंय?" कुणाला विचारून सांगायला माझं काय जात होतं? पण सांगितलं नाही. निघायला महिना राहिला आणि ती झोपेतच गेली. पोरीला आठवा लागलेला, डॉक्टरनं तिला विमानात बसू दिलं नाही. आईला तिनं फोनवरच शेवटचं पाहिलं.

दहाव्याचा विधी झाला त्या दिवशी पोरीचा फोन आला. "तात्या, तुम्ही घरीच राहा. आम्ही बघू कसंतरी."

"कोण करणार तुझं?"

"इथं डिंक, खारीक, अळीव सगळं मिळतं. करणारं कुणी नाय एवढंच."

"मग मी येतो."

ती म्हणाली, "तात्या, तुम्हाला चहा तरी येतो का?"

येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी येडगावहून जुन्नरला गेलो. आमची तिकिटं काढणारे चाचा हजला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची सोय लावतात. "एक तिकीट रद्द करा," म्हणालो आणि बायकोचं तिकीट पुढं सरकवलं. त्यांनी काही न विचारता पाणी दिलं. मग मीच विचारलं, किती लांब हाय.

"मुंबईपासून पावणेदहा हजार किलोमीटरच्या आसपास. मधी कुठं उतरायचं नाय. साडेबारा तास."

"बस?"

"ते नुसतं विमानाचं, भाऊ. घरातनं घरात जायला दिवस न रात्र धरा."

साडेबारा तास तर मी मंचरच्या बाजारात कांद्याची गाडी लावून बसलोय. हे ऐकून बायकोची भीती गेली असती.

चाचा म्हणाले, "लाडू, तूप, अळीव काय बांधू नका. उतरल्यावर काढून घेतात."

"मग नेऊ काय?"

"शिकून जावा."

मेव्हणी लोणीला असते. तिच्याकडं आठ दिवस राहिलो. "दाजी, जन्मभर चुलीकडं पाठ केली, आता बरी आठवण झाली," म्हणाली. पहिला डिंक करपला. "हे म्हशीला घाला." मी म्हणालो, "म्हैस तुझी, तूच घाल." बायको गेल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

विमानात समोरच्या पडद्यावर किलोमीटर कमी होत होते. सात हजार, पाच हजार. मी डोळा मिटला नाही. ती असती तर घडीघडीला विचारलं असतं, आणि या खेपेला मी सांगितलं असतं.

पोचल्यावर बाराव्या दिवशी नात झाली. जावई सकाळी कामाला जातो, मग घरात आम्ही तिघं. काल पोरीला तांदळाची पेज दिली. एक घास खाऊन म्हणाली, "तात्या, मीठ लई झालंय."

"खा. उद्या कमी घालीन."

तिनं वाटी संपवली. आईच्या आठवणीनं थोडी रडली, मग बाळाला कुशीत घेऊन झोपली. इथं आल्यापासून तिला दिवसा झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी दार ओढून घेतलं आणि बाळाची दुपटी धुवायला गेलो.