तोरण्यावरचा कुकर

डोंगर चढताना माणसं पाण्याची बाटली नेतात, दोर नेतात, फार तर एखादी बॅटरी नेतात. आमचा कुकर कुकर नेत असे. चांगला पाच लिटरचा, रुखवतात मांडतात तसा चकचकीत. बाजारातल्या कुठल्याच सॅकमध्ये तो धड मावेना, म्हणून पठ्ठ्यानं ताडपत्रीवाल्याकडून त्याच्या मापाची सॅक शिवून घेतली होती. मागून पाहिलं की पँट घातलेलं कासव गडावर निघालंय असं वाटे. त्याचं खरं नाव श्रीकांत. पण ते आता फक्त ऑफिसच्या ओळखपत्रावर आणि त्याच्या आईच्या तोंडी उरलं होतं.

त्याचा सिद्धांत एकच. "शिट्टी झाल्याशिवाय गड सर झाला असं मानायचं नाही." माथ्यावर पोचल्यावर लोक फोटो काढतात, हा स्टोव्हला पिन मारायचा. तळाशी हळद घातलेली डाळ, वर भाताचा डबा. तिसरी शिट्टी झाली की उठून दरीकडे तोंड करायचं आणि गंभीरपणे म्हणायचं, "सर!" मग आम्ही आरोळी ठोकायची आणि त्यानंतरच ताटं मांडायची. एकदा तर तिसरी शिट्टी एवढी दणदणीत झाली, की पायथ्याच्या गावात उभ्या एसटीच्या ड्रायव्हरनं ती कंडक्टरची समजून गाडी सोडली. कंडक्टर बिचारा टपरीवर चहा पीत बसलेला. खोटं वाटत असेल तर मिलिंदला विचारा. तो याहून वाढवून सांगेल.

मिलिंद म्हणजे माझा सदाशिव पेठेतला रूम पार्टनर. अमरावतीकडचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. आम्ही तिघंही एकाच कंपनीत होतो. दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर कोलमडू नयेत म्हणून आठवडाभर साहेबलोकांचे प्रोग्राम दुरुस्त करायचे आणि रविवारी स्वारगेटवरून पहिली एसटी पकडायची, हे आमचं आयुष्य. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या आसपासचे सगळे गड पावसाआधी संपवायचे, असा कुकरनं पण केला होता. मे महिन्यातल्या त्या उन्हात पाली सावली शोधत आमच्या टोप्यांखाली शिरत, पण कुकर थांबत नसे. मिलिंद बसकण मारून म्हणायचा, "मी इथंच मरतो बे, तुम्ही व्हा पुढं." यावर कुकर मागे वळूनही न बघता सांगे, "मर. पण लिंबं तुझ्या पिशवीत आहेत, ती आधी इकडे दे."

असा हा निधड्या छातीचा माणूस एकाच गोष्टीला घाबरे, ती म्हणजे मुग्धा. आमच्या ऑफिसच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला होती. वर्षभर हा तिच्याबरोबर लिफ्टनं चढत होता आणि वर्षभरात एक शब्द बोलला नव्हता. दरवाजाकडे बघत अटेन्शनमध्ये उभा राहायचा. लिफ्टमन समजून तिनं एकदा त्याला मजला सांगितला होता म्हणे. आणि नशीब बघा, त्याच्या आईनं ज्या स्थळाकडे पत्रिका दिली, ते मुग्धाचंच निघालं. बघण्याचा कार्यक्रम ठरला रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, सदाशिव पेठेत तिच्या घरी. आणि त्याच रविवारी होता तोरणा.

"वेड्या, या रविवारी तरी राहू दे," मी म्हणालो.

"उलट याच रविवारी हवा. लोहगडावर रॉकेल संपलं, शिट्टीविना उतरलो, आठवतंय ना? त्याच आठवड्यात कोथरूडच्या मुलीचा नकार आला. ही मुलगी मला गमवायची नाहीये."

तर्क बिनतोड होता. आम्ही तोरणा चढलो. देवळाच्या ओसरीत कुकरनं सॅक उघडली, झाकण काढलं, डाळ-तांदूळ काढले आणि एकदम पांढराफटक पडला. झाकणावर बसवायची शिट्टीच नव्हती.

"आईनं काढून घेतली," तो म्हणाला. "सकाळी म्हणत होती, तुझा तो स्वयंपाक राहू दे वर, वेळेत ये."

मी तोंडानं शिट्टी वाजवून दाखवली, ती नामंजूर झाली. शेवटी मिलिंद म्हणाला, "वजनच पाहिजे नं? हे घे," आणि त्यानं भोकावर एक वाटोळा दगड ठेवला. दगड थोडा वेळ नाचला, घुमला आणि उडाला तो थेट दरीत. पाठोपाठ डाळीचा पिवळा फवारा छतावर आदळला आणि तिथून, सुदैवानं गार होऊन, कुकरच्या डोक्यावर बरसला. केस, कान, मिशी, शर्ट, सगळं पिवळंधमक.

"घे," मिलिंद म्हणाला, "हळद तं लागली. आता मुलगीच पाह्यची राह्यली."

कुकर हसला नाही. अर्धकच्चं अन्न तसंच झाकून त्यानं सॅकमध्ये भरलं आणि "गेलं, हीपण नाहीच म्हणणार," एवढं बोलून गड उतरायला लागला. पायथ्याशी एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. दुधाच्या टेम्पोतून आम्ही स्वारगेटला पोचलो, तेव्हाच पाच वाजून गेले होते. घरी जाऊन आंघोळ करायलाही वेळ उरला नव्हता. आम्ही तिघं तसेच मुग्धाच्या दारात.

तिच्या वडिलांनी दार उघडलं, कुकरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "या. मुलगा गडावरून येणार असं कळलं होतं. गड सोबत आणणार हे आपण कळवलं नव्हतंत."

आत त्याची आई रेशमी साडीत बसली होती. मुलाचा अवतार बघून तिनं डोळे मिटून घेतले. पोहे आले. मुग्धा आली. आणि वर्षभर लिफ्टमध्ये मुका राहिलेला हा इसम सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, शिट्टी दे."

"श्रीकांत!"

"दे म्हणतो ना. पर्समध्येच असेल तुझ्या."

"कसली शिट्टी?" मुग्धानं विचारलं. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. गड, सिद्धांत, लोहगड, कोथरूडची मुलगी, आणि ही मुलगी का गमवायची नाही, तेसुद्धा! मी आणि मिलिंद पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसलो. आता हाकलणार, नक्की हाकलणार.

मुग्धानं श्रीकांतच्या आईपुढे हात केला. काकूंनी निमूट पर्स उघडली. "कच्चं अन्न टाकून कशाला द्यायचं?" असं म्हणत मुग्धा कुकर उचलून आत गेली. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला श्रीकांत ताडकन उठला, सदाशिव पेठेकडे तोंड करून म्हणाला, "सर!" आणि सवयीनं आम्ही दोघांनी अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावरून आवाज आला, "गणपतीला अजून अवकाश आहे हो!"

तिच्या वडिलांनी वरणभाताचा घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "मुलगा चालेल."

"बाबा, मला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? कुकर कुणी लावला?"

मुग्धा लाजली वगैरे नाही. तिनं श्रीकांतला आणखी भात वाढला आणि म्हणाली, "आता आधी आंघोळ करा."

लग्न झालं, आणि वर्षाच्या आत दोघं कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेली ती तिकडचीच झाली. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि मिलिंद जिद्दीनं सिंहगडावर गेलो. ब्रेड-जॅम नेला होता. माथ्यावर एका दगडावर बसून तो खाल्ला, दरीकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं.

"कायले आलो बे आपण इथं?" मिलिंदनं विचारलं.

आम्ही उठलो आणि खाली उतरलो.