आधी सलाम कुणी करायचा

पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. मी मॅट्रिक झालो आणि घरात एकच घोळ सुरू झाला : पोराला इथल्या आर्ट्स कॉलेजात घालायचं की पुण्याला धाडायचं? अप्पा, म्हणजे माझे वडील, वकील. जन्मभर कोर्टात उर्दू लिहिली आणि आता पुण्याचं खूळ डोक्यात शिरलं. म्हणायचे, "तिथं आपली माणसं आहेत." आपली म्हणजे कुठली? माझं सगळं शिक्षण उर्दूतून. मराठी पेपर वाचायला घेतला की धाकटी बहीण पोट धरून हसायची.

शेवटी अप्पा वैतागले. "जा, दिवसभर कॉलेजात हिंडून ये. जमतंय का ते संध्याकाळी सांग. नसेल जमत तर परवाच्या गाडीनं पुणं."

गेलो. शहाण्यासारखी नवी शेरवानी चढवली, गळ्यापर्यंत गुंड्या लावून! कालपर्यंत कॉलेज म्हणजे शेरवानीच होती ना. बघतो तर निम्मी पोरं पँट-शर्टात. कुणी म्हणे यंदा इंग्रजीतून शिकवणार, कुणी म्हणे हिंदीतून. ज्याला विचारावं तो मलाच विचारायचा.

चुलतभाऊ तिथंच वरच्या वर्गात होता. मराठी पोरांनी नवं मंडळ काढलं होतं, तिकडे मला घेऊन गेला. पुण्याहून नवे आलेले मराठीचे प्रोफेसर बसले होते. मी वाकलो, हात कपाळाशी नेला आणि उर्दूतल्या अदबीनं तब्येत विचारली, "मिजाज कसा आहे आपला?"

हशा पिकला! "अरे, नवाबसाहेब आले!" प्रोफेसर बिचारे चांगले होते, म्हणाले, "नुसता नमस्कार केलास तरी चालेल." पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, पुन्हा इथं कुणाला सलाम करणार नाही. मेलो तरी नाही.

बाहेर पडलो आणि दगडी पायऱ्यांवर आमचे उर्दूचे सर समोरून आले. शाळेत चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. आता कॉलेजात शिकवत होते. आमच्याकडे रीत अशी, की धाकट्यानं आधी सलाम करायचा, मग मोठ्यांनी "जीते रहो" म्हणायचं. माझा हात उचलला गेला आणि छातीशीच अडकला. मागं मंडळातली पोरं उभी होती. सलाम करावा तर ती हसणार, नमस्कार करावा तर सरांना काय वाटेल? मी तसाच ठोंब्यासारखा उभा.

सरांनी हातातली पुस्तकं काखेत धरली. दोन्ही हात जोडले. "नमस्कार," म्हणाले. मला! सोळा वर्षांच्या पोराला! आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले.

चुलतभाऊ म्हणाला, "बघितलंस? जमाना बदलला." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्याही.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "काय, जमतंय का?"

"नाही."

"मग पुणं?"

"नको. इथंच जाईन."

अप्पांनी कपाळावर हात मारला. "जमत नाही म्हणतोस, मग तिथं जाऊन करणार काय?"

"तिथं कुणालाच जमत नाहीये, अप्पा," मी म्हणालो. "सरांनासुद्धा." आणि मला रडूच फुटलं.