व्हॅनकाकू भाड्याची गाडी काढतात

व्हॅनकाकूंना आयुष्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर 'तुम्ही मागे बसा हो' या वाक्याचा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली. एवढ्या काळात मागे बसायची वेळ आली ती फक्त रिक्षात, आणि तिथेही त्या रिक्षावाल्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत असत.

व्हॅन मुळात यजमानांची. त्यांनी ती मोठ्या हौसेने घेतली, पहिल्या महिन्यात विजेच्या खांबाला आणि दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या भिंतीला भेट दिली, आणि मग गाडीचं नाव टाकलं. ती दारात धूळ खात पडली, तेव्हा काकूंनी किल्ली उचलली. बाई गाडी चालवणार, आणि तीही मुलांची, म्हणून आळीने नाकं मुरडली. पहिल्या वर्षी चारच मुलं मिळाली, तीही ज्यांच्या आयांना दुसरा इलाजच नव्हता म्हणून. काकूंनी कुणाची मनधरणी केली नाही. गाडी वेळेवर दारात आणायची, हॉर्न एकदाच वाजवायचा आणि मूल आत नीट बसेपर्यंत चाक हलवायचं नाही, एवढं त्या करत राहिल्या. पुढे नाकं मुरडणारेच 'जागा आहे का हो?' म्हणून दारात येऊ लागले. काकूंनी सांगितलं, "जागा नाही." जागा होती. पण काकू काही संत नव्हत्या.

यजमान वारले, मुलगा परदेशात स्थिरावला. 'दोन महिने तरी ये' म्हणून तो मागे लागला, तेव्हा शाळेच्या सुट्टीत काकू निघाल्या. निघण्याआधी त्यांनी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. लहानशा पुस्तकाएवढा तो परवाना देताना ऑफिसातला कारकून हसला होता. "हसा," काकू म्हणाल्या, "पण शिक्का नीट मारा." कागदपत्रांवाचून कुठे जायची त्यांना सवयच नव्हती. आयुष्यभर हवालदारांशी गाठ पडलेली.

मुलाचं घर चकचकीत होतं. ओटा इतका स्वच्छ, की इथे काही शिजतं का अशी शंका यावी. बाहेर जायचं म्हटलं की काकूंना मागच्या सीटवर बसवायचं आणि पट्टा मुलाने स्वतः लावायचा, खोक्याला दोरी बांधावी तसा. काकूंनी तेही महिनाभर चालवून घेतलं. पोटचं पोर आहे, हौस करतंय, करू दे.

मग एका रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, आता पुरे झालं. इथेच राहा. परतीचं तिकीट रद्द करतो. आणि व्हॅनला गिऱ्हाईक मिळालंय."

"कुणी शोधलं?"

"मी. फोनवरून."

"व्हॅन माझी, आणि गिऱ्हाईक तू शोधलंस?"

"तुझ्यासाठीच ना गं! वय झालं तुझं. डोळे, हात, सगळंच आलं. उद्या काही झालं म्हणजे? मुलं असतात गाडीत."

"मुलं असतात म्हणूनच मी दरवर्षी डोळे तपासून घेते," काकू म्हणाल्या. "तू कधी तपासलेस?"

सून हसू दाबत पाणी आणायला उठली. मुलाला मात्र ते लागलं. "एवढा दम असेल तर इथे चालवून दाखव," तो म्हणाला. "माझ्या गाडीचा विमा फक्त माझ्या नावावर आहे, ती नाही देता येणार. पण भाड्याने मिळतात. तुझ्या लायसन्सवर तुला कुणी गाडी दिली, तर व्हॅन राहील आणि तूही जा. नाही दिली, तर हा विषय संपला."

"संपला," काकू म्हणाल्या. हात धुताना त्यांना एवढंच वाटत होतं, की शाळा उघडायला फार दिवस राहिले नाहीत आणि तिकडे मुलं वाट बघत असतील.

रविवारी दोघं गेली. पेट्रोल पंपामागे काचेची एक खोली होती, भिंतीवर किल्ल्यांचा फळा, बाहेर आवारात गाड्यांची रांग. काकूंना तिथली भाषा 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यापलीकडे येत नव्हती, त्यामुळे बोलायचं काम मुलाकडे. काउंटरवरच्या मुलीने लायसन्स घेतलं, शेजारी परवाना उघडून ठेवला, पासपोर्टवरच्या फोटोशी काकूंचा चेहरा ताडून पाहिला. सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. एक कागद काकूंकडे फिरवला आणि वर पेन ठेवलं. तेवढ्यात मुलगा काउंटरवर वाकला आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मुलीने चमकून काकूंकडे पाहिलं आणि कागद हळूच मागे ओढून घेतला.

"नाही देत म्हणते," मुलगा म्हणाला. "इथे परदेशी लायसन्स चालत नाही."

काकूंनी आपले कागद गोळा केले आणि ब्रही काढला नाही. परत येताना मागच्या सीटवर बसून मात्र त्यांचं डोकं चालू होतं. द्यायचीच नव्हती, तर झेरॉक्स कशाला काढल्या? पेन कशाला ठेवलं? शाळा नको म्हणून 'पोटात दुखतंय' म्हणणारी कितीतरी पोरं त्यांनी पाहिली होती. खोटं बोलणारा बोलून झालं की आधी दुसरीकडे बघतो, आणि आपला मुलगा काउंटरवरून वळला तो थेट खिडकीबाहेर बघत. काकूंना वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं.

सोमवारी मुलगा कामावर गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "ते भाषा बदलून बोलणारं काहीतरी असतं ना, ते माझ्या फोनवर घालून दे."

सुनेने घालून दिलं. कशाला, ते विचारलं नाही. दार ओढून घेताना एवढंच म्हणाली, "आई, बसचा थांबा उजव्या कोपऱ्यावर आहे. आणि त्याला काल रात्रभर झोप नव्हती."

"नसेलच," म्हणत काकूंनी चपला घातल्या.

काउंटरवरच्या मुलीने त्यांना लगेच ओळखलं. काकूंनी फोन पुढे धरून विचारलं, "माझं लायसन्स चालत नाही का?" फोन त्या भाषेत बोलला. मुलगी गोंधळली, मग बराच वेळ बोलली, आणि फोनने शांतपणे सांगितलं, "आपले अनुज्ञापत्र वैध आहे. परंतु आपल्या पुत्राने असे कथन केले, की आपल्या नेत्रांस दिसत नाही."

इतकं शुद्ध मराठी काकूंनी शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं, आणि इतकं झोंबलंही नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, चालतं व्हावं. कुणासाठी करायचं हे सगळं? मग त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी मुलीला हाताने काचेपाशी बोलावलं. आवाराच्या पार टोकाला, कुंपणाशी एक पांढरी गाडी उभी होती. काकूंनी तिच्या पाटीवरचे आकडे एकेक करून फोनला सांगितले. मुलगी बाहेर गेली, कुंपणापर्यंत चालत गेली, पाटीवर वाकली आणि हसतच परत आली. पेन पुन्हा कागदावर आलं. चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं म्हणाली. तेही काकूंकडे होतं, बँकेतल्या एका लाघवी माणसाने गळ्यात मारलेलं आणि पाकिटातून कधी बाहेर न आलेलं.

गाडी लहानशीच मिळाली. तिथे सगळं उलट्या बाजूला. डावा हात गिअर शोधायला जाई आणि दारावर आपटे. वळायचा दिवा लावायला जावं, तर कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरू लागे. काकूंनी आधी आवारात फेऱ्या मारल्या, मग आसपासच्या निवांत गल्ल्या पालथ्या घातल्या. मागून कुणी हॉर्न वाजवला, की त्या मोठ्याने म्हणत, "थांब की, पळून चाललंय का काही!" दुपार कलेपर्यंत दारावर आपटणं थांबलं. तेव्हा त्या मोठ्या रस्त्याला लागल्या आणि एकट्याच गाणं गुणगुणत घरी आल्या.

संध्याकाळी मुलगा आला, तर दारात भाड्याची गाडी आणि गाडीत आई. त्याने सवयीने चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडून," काकू म्हणाल्या. "ही बाजू माझी आहे."

तो वळसा घालून आला, शेजारी बसला. "कुणी दिली गं?"

"जिला तू माझे डोळे गेलेत म्हणून सांगितलंस, तिनेच."

त्याची मान खाली गेली.

"पैज हरायची नव्हती, ते मी समजू शकते," काकू म्हणाल्या. "पण परक्या मुलीसमोर तू मला आंधळी केलंस. मी शेजारी उभी असताना! मला भाषा येत नाही म्हणून!"

"मला भीती वाटते, आई," तो म्हणाला. "तू तिकडे एकटी. सकाळी तू फोन उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. मला तू इथे हवी आहेस."

"मग तसं म्हणायचं होतंस. तसं म्हणाला असतास, तर मी रडले असते रे."

"राहिली असतीस?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पण रडले असते." आणि त्या रडल्याच, पदराने डोळे पुसत आणि त्याला मनापासून शिव्या घालत. मग नाक पुसून त्यांनी फर्मान सोडलं, "लाव फोन गिऱ्हाइकाला. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावला. पलीकडचा आवाज गाडीभर ऐकू येत होता. "का हो साहेब, भाव पटला नाही का?"

"भावाचं काही नाही. व्हॅन विकायची नाही. ती माझी नव्हतीच, आईची आहे. ती अजून चालवते."

"या वयात? आणि दिसतं का त्यांना?"

मुलाने आईकडे पाहिलं. काकू समोरच्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. त्या मदतीला येणार नव्हत्या.

"चांगलं दिसतं तिला," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने आवाज खाली केला नाही. "तुम्ही दुसरी गाडी बघा."

त्याने फोन ठेवला. काकूंनी त्याला पट्टा लावायला सांगितला आणि गाडी रस्त्यावर काढली.