पाहुण्यांचा वेगळा कन्सोल

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, तुमच्या शाळेतले चारही स्कोअरबोर्ड एकच मुलगी एका टेबलावरून चालवते, हे परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आमच्या बदलापूरने याहून मोठी प्रगती केव्हाच केली आहे. ती तुम्हाला ठाऊक असावी म्हणून लिहिते.

तुमच्या आत्याचा तो शेवटचा कबड्डी सामना. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी पुढे मनाई केली होती. समोर अंबरनाथच्या मुली. त्यांना ती एकदाही हरवू शकली नव्हती. हेंद्रेपाड्याच्या मैदानासाठी आजोबांच्या समितीने दोन इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेतले: एक गुणलेखकाच्या टेबलामागे, दुसरा समोरच्या टोकाला, स्टेजवर. उल्हासनगर कॅम्प एकचा दुकानदार म्हणाला, "साहब, एक ही कन्सोल लो. इस बोर्ड से उस बोर्ड में वायर डालो, दोनों सेम दिखाएंगे."

"मग उद्घाटनाला पाहुणे बटण कशाचं दाबणार?" आजोबा.

प्रश्न बिनतोड होता. गुण लावायच्या बटणांचा दुसरा कन्सोल आला, त्याला झेंडूची माळ घातली आणि स्टेजवरचा बोर्ड त्यालाच जोडला.

पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि त्यांना ते फार आवडलं. पुढे समोरचा बोर्ड पाहून ते गुण लावत, आणि टाळी पडली की बदलापूरला एक जादा देऊन टाकत.

"अहो, तो कन्सोल काढून घ्या," मी म्हटलं.

"पाहुण्यांच्या हातातून? तू एवढी शिकलेली, आणि..."

उत्तरार्धात चढाई करताना आत्याच्या डोळ्यांसमोर स्टेजवरचाच बोर्ड होता. शेवटच्या चढाईला त्यावर आम्ही दोन गुणांनी पुढे. मग धोका कशाला? ती शहाण्यासारखी निदान रेषा ओलांडून, कोणालाही न शिवता परतली. शिट्टी झाली. आमच्या मुली नाचल्या. गुणलेखकाच्या बोर्डाकडे पाहून अंबरनाथच्याही नाचल्या. इतकी समानता मी कुठल्याच स्पर्धेत पाहिली नव्हती.

पंचांनी निकाल दिला: अंबरनाथ, एका गुणाने.

"मी तर आपल्याच पोरींना दिले हो!" पाहुणे कळवळून म्हणाले.

आत्या गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. म्हणाली, "पप्पा, चढाईलाही त्यांनाच पाठवायचं होतं."

ती पुन्हा खेळली नाही. स्टेजवरचा बोर्ड एका पावसाळ्यात गेला. गुणलेखकाचा बोर्ड अजून चालतो, आणि आत्या शाळेच्या मुलींना त्याच्यासमोर कबड्डी शिकवते.